लहान मोटार आणि घाटातले वळण

मंडळी, समजा पाटणच्या बाजूला एक गुरुजी आहेत. बरीच वर्षे नोकरी झाल्यावर त्यांनी जुनी मारुती ८०० घेतली. घरची माणसे चार. मुलगी चिपळूणला दिलेली. म्हणजे महिन्या-दोन महिन्यांतून कुंभार्ली घाट उतरणे आलेच. सपाट रस्त्यावर गाडी ठीक चालते, पण घाटात वळण आले की एका अंगाला कलते, नाक वळणाच्या बाहेर ओढ घेते, आणि पाऊस असला म्हणजे मागे बसलेल्या गुरुजींच्या पत्नी दाराची मूठ घट्ट धरून बसतात. गुरुजींचा पुतण्या म्हणतो, "काका, मोठी चाकं टाकू, स्प्रिंगा कापून गाडी खाली बसवू, मग बघा कशी रस्त्याला चिकटते!"

पुतण्याचा हेतू चांगला आहे. लहान गाडीची चाल सुधारता येते, यात शंका नाही. पण कोणत्या गोष्टीला आधी हात घालायचा आणि कोणत्या नंतर, हे त्याला ठाऊक नाही. गाडीवर चार माणसांचा जीव आहे आणि गुरुजींच्या खिशाला मर्यादा आहे. म्हणून हा विषय जरा मुळापासून समजावून घेऊ. यातली गणिते सातवी-आठवीच्या मुलांना जमण्यासारखी आहेत. शिक्षकांनी ती वर्गात जरूर घालावीत.

एका पोस्टकार्डाएवढी जागा

गाडी रस्त्याला कोठे टेकते? चार टायरच्या तळाशी, आणखी कोठेही नाही. ही जागा किती असते, त्याचा हिशेब करू. रिकामी मारुती ८०० साधारण ६५० किलोची. चार माणसे २६० किलोंची धरा. एकूण ९१० किलो. हे वजन चार चाकांवर सारखे वाटले असे मानले, तर एका चाकावर सुमारे २२७ किलो येतात. टायरमध्ये २८ पौंड हवा आहे असे धरू. २८ पौंड दाब म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला जवळजवळ दोन किलो. आता २२७ ला दोनाने भागा. उत्तर येते सुमारे ११५ चौरस सेंटिमीटर. टायरच्या रबराच्या ताठरपणामुळे प्रत्यक्षात थोडा फरक पडतो, पण अंदाजाला हे पुरे.

आपले टपाल खात्याचे पोस्टकार्ड १४ सें. मी. लांब आणि ९ सें. मी. रुंद, म्हणजे १२६ चौरस सेंटिमीटर भरते. तेव्हा एक टायर पोस्टकार्डापेक्षाही किंचित कमी जागेवर टेकतो. चारही मिळून वहीचे एक मोठे पान झाकले जाणार नाही! गाडी थांबवणे, वळवणे, पुढे ओढणे ही सारी कामे एवढ्याशा रबराने करायची असतात. गाडीत कितीही सामान बसवा, शेवटी सगळे काम या चार पोस्टकार्डांवर येऊन ठरते. म्हणून सुधारणेची सुरुवात तेथूनच करावयाची.

वळणाचे गणित

बादलीत पाणी घेऊन गोल फिरवली तर हाताला ओढ लागते, हे मुलांनी केलेले असते. वेग वाढवला की ओढ वाढते. गाडीचेही तसेच. सरळ जाऊ पाहणाऱ्या गाडीला वळवायचे, तर रस्त्याने टायरला आतल्या बाजूला रेटले पाहिजे. हा रेटा किती लागतो, ते काढण्याची रीत सोपी आहे. वेगाचा वर्ग करा आणि त्याला वळणाच्या त्रिज्येने भागा.

२५ मीटर त्रिज्येचे वळण घेऊ. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. दहाचा वर्ग १००, भागिले २५, उत्तर ४. पृथ्वीच्या ओढीचा आकडा ९.८ आहे. म्हणजे गाडीच्या वजनाच्या सुमारे ४१ टक्के एवढा रेटा रबराला द्यावा लागतो. आता वेग दीडपट करा, ताशी ५४. सेकंदाला १५ मीटर झाले. वर्ग २२५, भागिले २५, उत्तर ९. म्हणजे वजनाच्या ९२ टक्के! वेग दीडपट झाला, पण लागणारा रेटा सव्वादोन पट झाला. उलट वेग २७ वर आणला, तर तोच रेटा २३ टक्क्यांवर उतरतो.

चांगल्या कोरड्या डांबरी रस्त्यावर साधा टायर वजनाच्या ७० ते ८० टक्क्यांपर्यंत धरून राहतो. ओल्या रस्त्यावर हा आकडा ४० ते ५० पर्यंत येतो, आणि चिखल किंवा बारीक खडी असली तर त्याहून खाली जातो. म्हणजे त्या वळणावर ताशी ३६ हा वेग उन्हाळ्यात निवांत वाटेल, पण श्रावणात तोच वेग टायर सुटण्याच्या काठावर नेऊन ठेवील. ९२ टक्के मागाल, तर कोरड्या रस्त्यावरही टायर देणार नाही. आपण म्हणाल, मग सुधारणा कशाला? वेगच कमी करावा! अगदी बरोबर. पहिली सुधारणा तीच, आणि तिला पैसा लागत नाही. पण समोरून अचानक एस. टी. आली, दरडीचा दगड रस्त्यात पडलेला दिसला, म्हणजे जपून चालवणाऱ्यालाही गाडी झटकन वळवावी लागते. तेव्हा हाताशी शिल्लक पकड असली पाहिजे. चालीत सुधारणा करायची ती या शिल्लकेसाठी. ती वेगात उधळून टाकली तर काही उरत नाही.

जू एका बैलावर आले म्हणजे

आता दुसरी गोष्ट. वळणावर गाडी बाहेरच्या अंगाला कलते, तेव्हा आतल्या चाकांवरचे वजन बाहेरच्या चाकांवर जाते. किती जाते? वजनाचा मध्य जमिनीपासून किती उंच आहे आणि डाव्या-उजव्या चाकांत अंतर किती आहे, यावर ते ठरते. आपल्या गाडीत चाकांमधले अंतर सुमारे १२० सें. मी. आहे. मध्याची उंची ५० सें. मी. धरू. मघाच्या ४१ टक्क्यांच्या वळणात ९१० गुणिले ०.४१ गुणिले ५०, भागिले १२०, म्हणजे सुमारे १५५ किलो वजन सरकते. आतल्या दोन चाकांवर ४५५ चे ३०० उरतात आणि बाहेरच्या दोन चाकांवर ६१० होतात.

एकूण वजन तेवढेच राहिले, मग बिघडले कुठे? रबराचा स्वभाव असा आहे, की त्यावरचा भार दुप्पट केला तरी पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. बैलजोडीतला एक बैल अंग चोरू लागला आणि सगळे जू दुसऱ्यावर आले, तर तो दुसरा काही दोन बैलांएवढे काम करीत नाही, नाही का? तसेच हे. भार चारही चाकांवर जितका सारखा राहील, तितकी एकूण पकड जास्त.

आता गुरुजींच्या गाडीवरचे कॅरिअर पाहा. त्यावर ६० किलोंची धान्याची पोती बांधली. टप जमिनीपासून दीड मीटर उंच. ९०० किलो वजन ५० सें. मी. उंचीवर आणि ६० किलो १५० सें. मी. उंचीवर, तर एकूण मध्य कोठे येईल? ४५,००० अधिक ९,००० म्हणजे ५४,०००, भागिले ९६०. उत्तर ५६ सें. मी. म्हणजे मध्य सहा सेंटिमीटर वर चढला. खास स्प्रिंगा आणून गाडी खाली बसवली, तरी ती दोन-तीन सेंटिमीटरच उतरायची. जे हजारो रुपये खर्चून मिळवायचे, त्याच्या दुप्पट एका पोत्याने घालवले. तेव्हा दुसरी फुकटची सुधारणा ही, की टपावरचे ओझे उतरवा. जड वस्तू गाडीच्या तळाशी आणि शक्यतो मागच्या आसनाला लागून ठेवा. बैलगाडीत लाद मागे फार झाली की गाडी उलाळते, हे आपल्याला शिकवावे लागत नाही. मोटार उलाळत नाही इतकेच, पण पुढच्या चाकांवरचा भार हलका होतो आणि स्टेअरिंग हलके, पोकळ लागू लागते.

आधी टायर

आता मिस्त्रीकडे जाऊ. कामाचा क्रम चाकापासून वर जाणारा ठेवावा.

हवा दर पंधरा दिवसांनी, टायर थंड असताना तपासावी. किती ठेवायची, तो आकडा कंपनीच्या पुस्तकात दिलेला असतो. शेजाऱ्याच्या गाडीचा आकडा आपल्याला चालत नाही. शिक्षकांना एक गमतीचा प्रयोग सांगतो. टायरच्या नक्षीवर आडवी खडूची जाड रेघ ओढा आणि सपाट, कोरड्या जागी गाडी सरळ दहा-पंधरा मीटर हळू चालवा. रेघ सगळीकडे सारखी पुसली गेली तर टायर पूर्ण रुंदीवर टेकतो आहे. मधेच पुसली तर हवा जास्त असावी, दोन्ही कडांना पुसली तर कमी. प्रयोग समजण्यासाठी करावा, हवा मात्र पुस्तकाप्रमाणेच भरावी.

टायरचे वयही पाहावे. त्याच्या अंगावर चार आकडे एका चौकटीत असतात. समजा २३१९ असे असले, तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. नक्षी शिल्लक असली तरी पाच-सहा वर्षांत रबर कडक होत जाते. जुन्या खोडरबराने कागदभर रेघोट्या होतात आणि अक्षर पुसत नाही, हे मुले सांगतील. कडक टायरचे तसेच होते, तो रस्त्यावरून घसरतो. नक्षीच्या खाचांत मधूनमधून लहान उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली, म्हणजे खोली १.६ मिलिमीटर उरली, की टायर संपला. पावसाळ्यात त्या आधीच बदललेला बरा, कारण खाचांचे काम पाण्याला वाट देणे हे आहे.

दोनच नवे टायर घेण्याइतका पैसा असला तर ते कोठे बसवावेत? बहुतेक जण म्हणतील, पुढे, कारण इंजिनची ओढ पुढच्या चाकांवर आहे. पण नवे टायर मागे बसवावेत. पुढचे चाक सुटू लागले तर ते स्टेअरिंगमधून हाताला कळते, नाक बाहेर जाते, आपण वेग कमी करतो आणि गाडी बहुधा सावरते. मागचे चाक सुटले तर शेपूट एकदम बाहेर येते आणि गाडी भोवऱ्यासारखी फिरते. ते सावरणे सराईतालाही अवघड असते.

मग ढिलाई

टायरनंतर सांधे. जुन्या गाडीत चाक धरून ठेवणाऱ्या दांड्यांच्या टोकाला रबराचे बुश असतात. दहा-पंधरा वर्षांत ते चिरतात, ढिले होतात. बॉल जॉइंट आणि स्टेअरिंगच्या दांड्याची टोके झिजतात. मग होते काय, की आपण स्टेअरिंग फिरवतो पण चाक जरा थांबून वळते. औताचा रुमणा ढिला असला की तास सरळ जात नाही, त्यातलाच हा प्रकार. गाडी जॅकवर घेऊन, खाली भक्कम ठोकळे लावून, मिस्त्रीला चाक वर-खाली आणि डावे-उजवे हलवून पाहायला सांगा. खडखड लागली की तो सांधा बदला. गाडी नुसत्या जॅकवर असताना कोणीही खाली शिरू नये.

त्यानंतर शॉकॲब्सॉर्बर, म्हणजे आपले शॉकअप. स्प्रिंग आणि शॉकअप यांची कामे निराळी आहेत. स्प्रिंग धक्का साठवते आणि परत देते. परत दिलेला धक्का विझवण्याचे काम शॉकअपचे. झोपाळ्यावरून उतरायचे असेल तर आपण पाय जमिनीला घासून झोका मोडतो, तसा शॉकअप गाडीचा झोका मोडतो. तो संपला की खड्ड्यानंतर चाक उड्या मारत राहते, आणि हवेत असलेल्या चाकाला पकड कसली? गाडीचा एक कोपरा जोराने खाली दाबून सोडा. तो वर येऊन जागेवर बसला तर ठीक. दोन-तीनदा हेलकावला, किंवा शॉकअपवर तेल ओघळलेले दिसले, तर बदला. बदलताना पुढची किंवा मागची जोडी एकदम बदलावी. एक नवा आणि एक जुना असे कधीही करू नये.

नवे शॉकअप घेताना मूळ जोडीपेक्षा थोडे घट्ट, वायू भरलेले शॉकअप मिळतात. जुन्या गाडीच्या चालीत सर्वांत जास्त फरक पडतो तो येथे. पण फार घट्ट घेऊ नयेत. आपल्या खेड्यांच्या रस्त्यांवर फार घट्ट शॉकअप चाकाला खड्ड्यात उतरूच देत नाही, चाक वरच्यावर उडते आणि पकड पुन्हा कमी होते.

सांधे पक्के झाले की मग चाकांची दिशा जुळवून घ्यावी. त्या आधी केली तर पैसे वाया. यात तीन शब्द कानावर येतात. टो म्हणजे चालताना पायांचे अंगठे आत वळतात की बाहेर, तसे चाकांचे. कॅम्बर म्हणजे समोरून पाहिले असता चाक उभे आहे की कलते. कॅस्टर म्हणजे सायकलचा पुढचा चिमटा जसा पुढे झुकलेला असतो तसा चाकाच्या वळण्याच्या आसाचा झुकाव. त्यामुळेच हात सोडले तरी सायकल काही अंतर सरळ जाते आणि मोटारीचे स्टेअरिंग वळणानंतर आपोआप परत येते. अशा लहान गाडीत बहुधा टो तेवढाच जुळवता येतो. बाकीचे दोन बिघडलेले निघाले, तर कोठेतरी दांडी वाकली आहे किंवा सांधा गेला आहे असे समजावे.

एवढे झाले, की गुरुजींची गाडी कारखान्यातून निघाली तेव्हाच्या चालीवर परत येते. पुष्कळांना ज्या गोष्टीसाठी नवे सामान हवे असे वाटते, ती गोष्ट गाडीत आधीपासूनच होती. झिजेखाली ती दडलेली असते.

त्यापुढची पायरी

आता खरी वाढीव सुधारणा. पुतण्या मोठी चाके म्हणतो, तेव्हा त्याचाही हिशेब घालू. या गाडीचा नेहमीचा टायर १४५/७० आर १२ या मापाचा. पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा, टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या किती टक्के. शेवटचा, चाकाचा व्यास इंचांत. बारा इंच म्हणजे ३०५ मि. मी. त्यात १४५ च्या ७० टक्क्यांची दुप्पट, २०३, मिळवा. एकूण व्यास ५०८ मि. मी. आता १५५/६५ आर १३ घ्या. ३३० अधिक २०२, म्हणजे ५३२. जवळजवळ पाच टक्के वाढ. स्पीडोमीटर पूर्वी अचूक होता असे धरले, तर आता काटा ६० दाखवील तेव्हा गाडी ६३ ने पळत असेल. घाट चढताना ओढ कमी पडेल, वजनाचा मध्य वर जाईल, पूर्ण वळवल्यावर टायर मडगार्डला घासण्याची भीती. चाक जड झाले तर शॉकअपला ते आवरणे आणखी कठीण. चाके मोठी झाली आणि चाल बिघडली!

उलट १५५/६५ आर १२ हे माप पाहा. ३०५ अधिक २०२, म्हणजे ५०७. व्यास जवळजवळ तोच, रुंदी १० मि. मी. जास्त आणि बाजू बुटकी, त्यामुळे वळणात टायर कमी दुमडतो. रिमची रुंदी त्याला पुरेशी आहे का, आणि भार व वेग यांच्या खुणा मूळ टायरइतक्या तरी आहेत का, हे विचारून घ्यावे. रुंदीचा फायदा कोरड्या रस्त्यावर जास्त. साचलेल्या पाण्यावर रुंद टायर लवकर तरंगतो, हेही विसरू नये.

पुढचे आणि मागचे टायर यांचा तोलही महत्त्वाचा. पुण्यात जिची आखणी झाली ती टाटांची नॅनो गाडी २००९ साली बाजारात आली. आता ती बनत नाही, पण तिची चाके पाहण्यासारखी आहेत. तिचे इंजिन मागे, म्हणून मागे १५५/६५ आणि पुढे अरुंद १३५/७०, दोन्ही बारा इंची. जड शेपटीला पकड जास्त, आणि सुटलेच तर आधी नाक सुटावे, अशी ही मांडणी. कोणी हौसेने तिला पुढेही रुंद टायर घातले, तर गाडी देखणी दिसेल, पण शेपूट आधी सुटण्याचा धोका वाढेल.

गाडीचे कलणे कमी करण्यासाठी अँटीरोल बार नावाची वाकवलेली सळई असते. डावे चाक वर गेले आणि उजवे खाली, की ती पिळली जाते आणि त्याला विरोध करते. पण लक्षात ठेवा, सरकणारे मघाचे १५५ किलो त्याने कमी होत नाहीत. ते पुढच्या जोडीने किती झेलायचे आणि मागच्या जोडीने किती, एवढेच बदलते. पुढे जाड सळई घातली तर नाक जास्त बाहेर जाते. मागे घातली तर नाक वळणात आत येते, पण अति केले तर पावसात शेपूट सुटते. हे काम जाणत्या माणसाचे आहे, कोपऱ्यावरच्या दुकानाचे नव्हे.

आणि स्प्रिंग कापणे? ते मुळीच करू नये. कापलेल्या स्प्रिंगचा बसण्याचा शेवट नाहीसा होतो, चाक लोंबले की ती जागेवरून निसटू शकते. चाकाला खाली-वर जायला जागा उरत नाही, आणि वळणात खड्डा आला की सांगाडा थेट रबरी ठोकळ्यावर आदळतो. त्या क्षणी चाक रस्ता सोडते. गाडीचे पोट जमिनीपासून साधारण १७ सें. मी. वर. ते आणखी खाली आणले तर गावच्या वेशीवरचा गतिरोधकच आडवा येईल.

एका चिमुकल्या गाडीची गोष्ट

लहान गाडीची चाल किती सुधारू शकते, याचे जगात गाजलेले उदाहरण इंग्लंडचे आहे. ॲलेक इसिगोनिस या अभियंत्याने आखलेली मिनी १९५९ साली निघाली. लांबी तीन मीटरच्या आसपास, इंजिन ८४८ सी. सी., चाके अवघी दहा इंची. उद्देश एकच, कमी पेट्रोलमध्ये चार माणसे नेणे. पण इंजिन आडवे बसवून चारही चाके अगदी कोपऱ्यांना ढकलली होती, वजन थोडे होते, आणि स्प्रिंगांच्या जागी ॲलेक्स मोल्टन यांचे रबरी शंकू होते. शर्यतीच्या गाड्या बांधणारे जॉन कूपर यांनी हा गुण ओळखला. १९६१ मध्ये मिनी कूपर निघाली. तिचे इंजिन वाढवून ९९७ सी. सी. केले, पण त्याच वेळी पुढच्या चाकांना डिस्क ब्रेकही दिले. ताकद वाढवली तर थांबण्याची सोयही वाढवली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. १९६४ साली पॅडी हॉपकर्क यांनी मिनी कूपर एस घेऊन बर्फातल्या डोंगरी रस्त्यांवरची मोंटे कार्लो रॅली जिंकली. तिच्याहून कितीतरी ताकदवान गाड्या मागे राहिल्या. चाके मोठी करून हे साधले नव्हते. हलकेपणा, रुंद पाया, चांगले ब्रेक आणि रस्ता न सोडणारी चाके, यांच्या जोरावर साधले.

मारुती ८०० ही त्याच कुळातली म्हणावी अशी गाडी. १९८३ च्या डिसेंबरात ती आपल्याकडे आली, १९८६ मध्ये तिचे रूप बदलले, आणि २०१४ च्या जानेवारीत ती बनणे बंद झाले. ७९६ सी. सी. चे इंजिन पुढे आडवे, ओढ पुढच्या चाकांना, वजन थोडे. हलकेपणा हा तिचा मोठा गुण आहे. म्हणून पुढे लोखंडी गार्ड, मागे जड स्पीकरची पेटी असले काही तिच्या अंगावर चढवू नये.

कायदा आणि वही

दोन शब्द कायद्याचे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम गाडीतल्या फेरबदलांविषयी आहे. नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा बदल मालकाने करावयाचा नाही, असे ते सांगते. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केले. समोरच्या लोखंडी गार्डांविरुद्ध तर केंद्र सरकारने २०१७ मध्येच राज्यांना लिहिले होते. तेव्हा वस्तू दुकानात मिळते म्हणून ती लावणे कायदेशीर असेलच असे नाही. टायरचे माप बदलायचे असले तरी आधी कंपनीचे पुस्तक पाहावे, परिवहन कार्यालयात विचारावे आणि विमा कंपनीला लेखी कळवावे. अपघातानंतर विमा नाकारला गेला, तर वाचवलेली धावपळ फार महाग पडते. टायर, शॉकअप, बुश मूळ मापाचे आणि चांगल्या प्रतीचे बदलायला मात्र कोणाची हरकत नाही. आणि आपण पाहिले, की खरी सुधारणा बहुतेक तेथेच आहे.

शेवटी शिक्षकांच्या आवडीची सूचना. एका वेळी एकच बदल करा. हवा, टायर आणि शॉकअप एकाच दिवशी बदलले, तर कशाने काय झाले ते कधीच कळणार नाही. एक वही घाला. तारीख, किलोमीटर, काय बदलले, हवा किती, गाडीत माणसे किती, नेहमीच्या वळणावर नेहमीच्या वेगाने गाडी कशी वाटली, हे लिहा. अनुभव नेहमीच्या सावध वेगातच घ्यावा. वेग वाढवून परीक्षा पाहण्यासाठी घाट नाही.

मग गुरुजींनी पुतण्याला काय सांगावे? "बाळ, आधी पाया, मग कळस. टपावरचं ओझं उतरव, हवा तपास, मागच्या दोन चाकांना नवे टायर घाल. दिवाळीला शॉकअप आणि बुश बदलू, दिशा जुळवून घेऊ. एवढं करून काही कमी वाटलं तर तुझ्या चाकांचं बघू." पुतण्या थोडा हिरमुसेल. पण पुढच्या पावसाळ्यात कुंभार्लीच्या वळणावर गाडी मुकाट्याने आपली बाजू धरून उतरेल, मागच्या आसनावरून दाराच्या मुठीकडे हात जाणार नाही, आणि मुलीच्या दारात सारी मंडळी हसतमुखाने उतरतील. लहान गाडीची सुधारणा म्हणतात ती हीच.